कंपनी बदलली, पण नंबर कुठे गेला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दारात गडहिंग्लजची मावशी उभी राहिली. अंगावर भिजलेली शाल, हातात पिशवी, आणि वयाची ऐंशी उलटलेली. एस.टी.ने एकटीच आली होती. आम्ही घाबरून विचारले, काय झाले? तर तीच रागावून म्हणाली, "मला काय होतंय! तुमचाच फोन लागंना झालाय तीन आठवडे. कोण बाई कन्नडात काय बोलाय लागलीय, मग इंग्रजीत बोलाय लागलीय. म्हटलं, ताईला काय बरंवाईट झालं की काय."

ताई म्हणजे आमची आई. ती आत माजघरात शेंगा फोडत बसली होती.

घडले होते एवढेच, की आम्ही फोनची कंपनी बदलली होती. मावशीला जगात एकच नंबर तोंडपाठ, आणि तो आम्ही घालवून बसलो होतो. इतक्या वर्षांत हजारभर मुलांना अर्ज वाचून मग सही करायला शिकवणाऱ्या मास्तरांनी स्वतः मात्र अर्ज न वाचता सही केली, त्याची ही कथा. आमच्या वाचनालयाच्या समितीत हा विषय निघाला, तेव्हा गावातील आणखी तीन घरांत असेच झाल्याचे कळले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आमच्या घरी टेलिफोन आला १९९६ मध्ये. नंबर लागायला त्या काळी किती थांबावे लागे, ते आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. गल्लीतला तो पहिला फोन. लग्नपत्रिकेवर निम्म्या गल्लीने आमचाच नंबर 'पी.पी.' म्हणून छापला. मुंबईहून, पुण्याहून, गोव्याहून निरोप यायचे ते आमच्याच पडवीत. पुढे त्याच तारेवर इंटरनेट आले. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मुले पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून मोबाईलवर पाठ ऐकत, आणि आठ-दहा जण आमच्या पडवीत. पण तांब्याची तार ती. आमच्या भागातला पाऊस पडू लागला, की खड्ड्यात पाणी, जोडात पाणी आणि फोनमध्ये खरखर. सूनबाईंचे काम घरूनच चालते. शेवटी फायबर घ्यायचे ठरले, आणि नवीन कंपनीचा मुलगा घरी आला.

मुलगा गोड बोलणारा. आम्ही विचारले, "आमचा नंबर तोच राहणार का?" तो म्हणाला, "राहतोय की सर, आता पोर्ट होतंय सगळं." त्याच्यावर आम्ही खोटेपणाचा आळ घेत नाही. मोबाईलचे जे होते तेच घरच्या फोनचेही होत असणार, असे त्याला मनापासून वाटत होते. आम्हालाही तसेच वाटले. अर्ज इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे. सही केली, जुना फोन बंद करण्याचा अर्ज दिला, नंबर संपला.

आता खरे काय ते सांगतो. आपल्या देशात नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय आहे ती फक्त मोबाईलला. २५ नोव्हेंबर २०१० रोजी ती हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. घरच्या फोनला, म्हणजे ०८३१ सारखा गावाचा कोड असलेल्या नंबराला, ही सोय नाही. कंपनी सोडली की नंबर सुटला. त्याच कंपनीत राहून तांब्यावरून फायबरवर गेलात, तर जुना नंबर कधी कधी ठेवता येतो. पण ते आधी विचारावे आणि लेखी घ्यावे. आम्ही हे विचारलेच नाही. नवीन कंपनीचे फायबर हवे होते, तरी जुना फोन आणखी दोन महिने चालू ठेवून नवा नंबर सगळ्या नातेवाइकांना कळवता आला असता. त्या दोन महिन्यांच्या भाड्याची चिक्कूगिरी आम्हाला मावशीच्या एस.टी. प्रवासाला पडली.

मोबाईलची रीत सोपी आहे. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट हा शब्द लिहायचा, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० या नंबरावर पाठवायचा. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. त्याला यूपीसी म्हणतात. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह जायचे. कोड आपल्या भागात चार दिवस चालतो. जुन्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत आणि बिलाचा फोन असेल तर मागचे बिल भरलेले हवे. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आहे. सिम हरवले म्हणून नवे घेतले असेल, तर पुढचे सात दिवस हा कोड मिळत नाही. दुसऱ्याच्या नावाचे सिम लबाडीने काढून नंबर पळवणाऱ्यांना आळा बसावा, म्हणून ही अट आली. रिचार्जचे उरलेले पैसे नव्या कंपनीत जात नाहीत, तेव्हा मुदत संपत आली की मगच निघावे. आणि नंबर सरकतो त्या रात्री काही तास फोन मुका राहतो. त्या दिवशी बँकेचे काम काढू नये. ओटीपी यायचा नाही.

हा कोड फोनवर कुणालाही सांगू नये. दुकानात समोर बसून द्यावा. "तुमचे सिम आज रात्री बंद होणार" असे सांगणारा फोन आला, तर खुशाल ठेवून द्यावा.

यात आपल्या सीमेवरच्या माणसांचा एक वेगळा पेच आहे, तो बंगळूरच्या किंवा पुण्याच्या माणसाला कळायचा नाही. टेलिफोनच्या हिशेबात देशाचे भाग पाडले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. बाचीच्या पुढे शिनोळीला गेलात, की महाराष्ट्र सर्कल, आणि गोवाही त्यातच. पूर्वी आमच्या शिवेवरच्या घरांत परसदारी एका राज्याचा टॉवर लागायचा आणि पुढच्या दारी दुसऱ्याचा. स्वतःच्या चुलीपुढे बसून रोमिंगचे पैसे भरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यातलेच आम्ही एक. पुढे रोमिंगचे पैसे गेले. ३ जुलै २०१५ पासून तर एका सर्कलमधला नंबर दुसऱ्या सर्कलमध्येही नेता येऊ लागला. सर्कलच्या आत तीन कामकाजाचे दिवस लागतात, सर्कल बदलायचे असेल तर पाच.

मग सर्कलने आता फरक काय पडतो? पडतो तो भाषेचा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीच्या फोनवर यंत्र बोलते, त्यात पहिली पायरी भाषा निवडण्याची असते. आम्ही वाचनालयात बसून चार जणांचे फोन लावून पाहिले. बेळगावात घेतलेल्या सिमवर कन्नड, हिंदी, इंग्रजी. शिनोळीच्या दुकानातून घेतलेल्या सिमवर मराठी. टॉवर तोच, गाव तेच, पावसात भिजणारी माणसेही तीच. आमच्या शेजारचा दूधवाला हे पाहून म्हणाला, "मग मास्तर, मी शिनोळीचंच घेतो की. निदान काय बोलाय लागलेत ते तर कळंल." त्याचा हिशेब आम्हाला चुकीचा वाटत नाही. स्वस्त प्लॅन सगळेच पाहतात. तक्रार कोणत्या भाषेत ऐकली जाईल, हे मात्र कोणी पाहत नाही, आणि अडल्यावर तेच आठवते.

कन्नडविषयी आमची तक्रार नाही. आमची मुले शाळेत कन्नड शिकतात आणि चांगली शिकतात. पण मावशीच्या वयाच्या बाईला 'हा नंबर आता वापरात नाही' एवढे वाक्य तिच्या भाषेत कानावर पडले असते, तर तिने घोर लावून घेतला नसता.

घरच्या फायबरबाबत गंमत उलटी आहे. खांबावर चढणारा पोरगा शेजारच्या गावचा, मराठी बोलणारा. पण तार तुटली की तक्रार नोंदवायची दूरच्या केंद्रात, आणि नोंदीचा मेसेज येतो इंग्रजीत. पोरगा म्हणतो, "नोंद झाल्याबिगर मला येता येत नाही." म्हणून आम्ही समितीतर्फे एक साधी सवय लावली आहे. वाचनालयात एक वही ठेवली आहे. तक्रार केली की तिचा नंबर, तारीख आणि वेळ त्या वहीत मराठीत लिहायची. तक्रार नंबर देणे कंपनीला बंधनकारक आहे. निवारण झाले नाही किंवा पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही. तिकडे पत्रे पाठवून पोस्टाचे पैसे घालवू नयेत.

भाषेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत ते मांडण्याचा हक्क दिला आहे. खासगी कंपनीला हे कलम लागू होत नाही. पण प्रकरण केंद्राच्या दूरसंचार खात्याकडे गेले, तर अर्ज मराठीत लिहायला कोणी लाजू नये. इंग्रजी येत नाही म्हणून तक्रारच न करणारी माणसे आमच्या गावात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. मधली काही वर्षे टेलिफोनच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असे सांगून माणसांना परत पाठवत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतील असे सांगितले. नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो. कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत.

पैशांचे थोडक्यात. जाहिरातीतला आकडा बहुधा कराशिवायचा असतो. ४९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो. वेगाचा आकडाही 'पर्यंत' या शब्दासकट वाचावा. जुन्या कंपनीची पेटी परत केल्याची पावती आणि अनामत रकमेचा अर्ज जपून ठेवावा.

आणि विजेचे. हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज मिळायची ती एक्स्चेंजमधून. घरातली वीज गेली तरी तो वाजायचा. फायबरची पेटी घरच्या विजेवर चालते. आपल्याकडे आषाढात वीज कधी जाते आणि कधी येते हे देवालाच ठाऊक. पेटीला लहान बॅटरी जोडल्याशिवाय घरी म्हातारी माणसे असलेल्यांनी जुना फोन काढू नये. आम्ही जोडली, पण तीन रात्री मुक्या घरात काढल्यावर.

मावशी चार दिवस राहिली. निघताना आम्ही नवा नंबर पुठ्ठ्यावर ठळक आकड्यांत लिहून दिला. तिने तो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "पाठ व्हायला दोन महिने लागतील बघ." गडहिंग्लजला पोहोचल्यावर संध्याकाळी फोन केला. पहिल्यांदा सवयीने जुनाच फिरवला होता म्हणे.