एका पट्टीवर चार आवाज

पियानोवर वाजवल्या जाणाऱ्या बाखच्या फ्यूगमध्ये एकाच हाताला अनेकदा दोन स्वतंत्र सुरावटी वाजवाव्या लागतात. एक स्वर लांबवलेला असताना दुसरी सुरावट पुढे सरकते. अशा वेळी म्यूझस्कोअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाच रेघांच्या एका पट्टीवर चार आवाज, म्हणजे चार स्वतंत्र सुरावटी, लिहिता येतात. निवडलेला स्वर पहिल्या आवाजाचा असेल तर निळा दिसतो, दुसऱ्याचा असेल तर हिरवा. एकापेक्षा जास्त आवाज असले, की पहिल्याच्या दांड्या वर, दुसऱ्याच्या खाली जातात. नवशिके गोंधळतात ते विरामांमुळे: दुसऱ्या आवाजात एक स्वर लिहिताच उरलेले माप (बार) विरामांनी भरते. नको असलेले हे विराम पुसता येतात. पहिल्या आवाजाचे मात्र फक्त लपवता येतात. एकत्रच चालणाऱ्या स्वरांसाठी दुसरा आवाज उघडू नये, साधा कॉर्ड पुरतो.