तोंड आलंय? आधी दिवस मोजा

दरवर्षी ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या आसपास तोंडाच्या कर्करोगाचे ते फोटो वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात, आणि ज्यांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही अशी माणसंही आरशासमोर ओठ उलटवून बघू लागतात. यंदाही तेच झालं. गुटखाबंदी २०१२ पासून असूनही टपरीवर सगळं कसं मिळतं, यावर भरपूर लिहून आलं आहे. ते पुन्हा उगाळत नाही. पण त्या फोटोंनी अनेकांच्या मनात एक शंका सोडली आहे. आपल्याला सारखं तोंड येतं, ते यातलंच तर नसेल?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. साधा फोड म्हणजे खालच्या ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला साबुदाण्याएवढा खळगा, तळ पिवळट-पांढरा, भोवती लालबुंद कड. उमटायच्या आदल्या दिवशी तिथे चुरचुरतं; उमटल्यावर आमटीचा पहिला घास घेतला की डोळ्यांत पाणी. साधारण पाचांतल्या एकाला हा त्रास पुन्हा पुन्हा होतो. तो शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि वय वाढेल तसा बहुधा कमी होत जातो. तो संसर्गजन्य नाही. जंतूंमुळे होत नाही, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोगही नाही. आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी तोंडाच्या नाजूक अस्तरावर उलटतात. त्या का उलटतात याचं एकच एक उत्तर वैद्यकाकडे नाही. आईवडिलांना असेल तर मुलांतही येऊ शकतो. परीक्षा, जागरण, मासिक पाळीच्या आधीचे दिवस, गाल चावला जाणं, दाताची तुटकी कड, ही निमित्तं.

आपल्याकडे मात्र उत्तर तयार असतं: उष्णता. आणि औषधही ठरलेलं. मेडिकलवाल्याला ‘तोंड आलंय’ एवढं म्हणायची खोटी, तो कात्रीने बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलची पट्टी कापून पुढे सरकवतो. साधा फोड आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपला आपण भरतो. त्यामुळे आठव्या दिवशी जे काही चालू असेल, कॅप्सूल, जाईचा पाला, गुलकंद, त्याला श्रेय मिळतं. बी-कॉम्प्लेक्सची निम्मी कीर्ती अशी कमावलेली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरलेल्या निम्म्यात मात्र तथ्य आहे, आणि ते पुण्याला येऊन पोचतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मूळ विषय मधुमेह. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही मधुमेही का होतो, याचा शोध घेताना ते बी-कॉम्प्लेक्समधल्या बी-१२पाशी पोचले. २००६ मध्ये त्यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तीन गट होते. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी भरलं. सर्वांत वाईट स्थिती कोणाची, तर खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गाची: ८१ टक्के! या अभ्यासाचा तोंडाच्या फोडांशी काही संबंध नव्हता, हे खरं. पण लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ यांची कमतरता हे वारंवार तोंड येण्याचं जुनं, माहितीतलं कारण आहे. भाजीपाल्यात, डाळीत बी-१२ नसतंच. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातून मिळतं, आणि चहापुरत्या दुधाने भागत नाही. वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं किंवा अ‍ॅसिडिटीसाठी रोज उपाशीपोटी गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी घसरू शकतं. सदाशिव पेठेत ‘उष्णता’ म्हणून जे खपतं त्यातलं किती हे असेल, असा प्रश्न मला तरी पडतो.

मग गोळ्यांनी फरक पडतो का? इस्रायलमध्ये ५८ रुग्णांवर झालेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना सहा महिने रोज १,००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली ठेवायला दिलं, बाकीच्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. शेवटच्या महिन्यात बी-१२ घेणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना एकही फोड आला नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३२ टक्के. ५८ हा आकडा लहान आहे, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. उलट २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या १६० जणांच्या चाचणीत साधारण निम्म्यांना रोजच्या गरजेइतकी सगळी जीवनसत्त्वं असलेली गोळी वर्षभर देऊन पाहिली, काहीही फरक पडला नाही. म्हणजे सगळ्याची चिमूट-चिमूट चार दिवस खाण्यात अर्थ नाही. सारखं तोंड येत असेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन, फॉलेट आणि बी-१२ तपासा, आणि कमी असेल ते डॉक्टरांना विचारून नीट भरून काढा.

तंबाखू सोडणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. ब्रिटनमधल्या एका पाहणीत सिगारेट सोडणाऱ्या पाचांतल्या दोघांना तोंडात फोड आले, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांतच. माणसाला वाटतं, ‘सोडली आणि तोंड आलं, म्हणजे सोडणंच बाधलं’, आणि पुन्हा पेटवतो. ते फोड काही आठवड्यांत जातात. व्यसनमुक्तीच्या पत्रकांवर ही ओळ छापायला काय हरकत आहे?

उपचारांचं थोडक्यात. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट महिनाभर वापरून बघा. काहींचे फोड कमी होतात, खर्च फारसा नाही. जेवणाआधी बधिर करणारं जेल. डॉक्टरांनी ट्रायअ‍ॅमसिनोलोनचं मलम दिलं तर रात्री झोपताना कापसाने जागा कोरडी करून अलगद टेकवा. घासलं तर त्याचा भुगा होतो आणि ते चिकटत नाही. जाईचा पाला, साजूक तूप, खुशाल चालू ठेवा. टाकणखार मधात कालवून तान्ह्या बाळाच्या तोंडाला लावायची रीत मात्र सोडा. टाकणखार बाळाला विषारी आहे, आणि वर्षाच्या आत मधही द्यायचा नसतो. फोडांबरोबर डोळे लाल होऊन दुखत असतील, जननेंद्रियावरही जखमा असतील किंवा वजन घटत असेल, तर प्रकरण तोंडापुरतं नाही, फिजिशियनकडे जा.

आता ती मूळ भीती. साधा फोड जीव घेईल इतका दुखतो. कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच ती अंगावर काढली जाते. एकाच जागी तीन आठवड्यांहून अधिक टिकलेली जखम, बोटाला कडक लागणारी कड, पांढरा किंवा लाल चट्टा, सुपारी-मावा खाणाऱ्याच्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी न मावणं, यातलं काहीही असेल तर दंतवैद्याला दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. शंका आली तर जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात, आणि बहुतेक वेळा त्यासाठी भूल तेवढ्या जागेपुरतीच द्यावी लागते.