कुंपणावरचे लाल फळ : अनुक्त द्रव्याची ओळख आणि वैद्याची जबाबदारी

गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्याच्या अखेरीस परळ येथील चिकित्सालयात एक आजी आपल्या सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. सोसायटीच्या बागेतील एका झुडपाची लाल फळे त्याने मूठभर खाल्ली होती. मुलाला त्रास काहीच नव्हता. आजींनी दोन फळे मेजावर ठेवली आणि विचारले, "डॉक्टर, ही करवंदंच ना? आमच्याकडे संगमेश्वराला कुंपणाला अशीच असतात."

होकार देणे सोपे होते. मात्र पिकलेले करवंद काळे असते आणि हे फळ लालभडक, पातळ सालीचे होते. केवळ फळावरून निर्णय देणे योग्य वाटले नाही. ओळख पटेपर्यंत मुलास जवळच्या बालरुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवण्यास सांगितले आणि मी स्वतः त्या बागेत गेलो.

परीक्षणाचा क्रम

करवंदाची लक्षणे सर्वपरिचित आहेत : समोरासमोर पाने, तीक्ष्ण जोडकाटे, पान तोडताच येणारा पांढरा चीक आणि जाईसारखी पांढरी सुवासिक फुले. या झुडपाची पाने समोरासमोर होती. परंतु काटे नव्हते, चीकही नव्हता. फुले गुलाबी, पाच पाकळ्यांची. प्रत्येक पाकळी तळाशी देठासारखी निमुळती आणि कडेला झालरीसारखी. फूल उलटे करून भिंगातून पाहिले असता निदलांवर तेलग्रंथी स्पष्ट दिसल्या. फळावर तीन उथळ खाचा आणि आत तीन कंगोरेदार बिया होत्या.

या लक्षणसमुच्चयावरून ती माल्पिगिया एमार्जिनाटा ठरली. रोपवाटिकांत ती 'वेस्ट इंडियन चेरी' या नावाने विकली जाते. पुढे फुलाफळांसह फांदी दाबून, वाळवून धोबी तलाव येथील सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये नेली. तेथील नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर ही ओळख पक्की झाली. फळ खाद्य आहे. त्याच्या १०० ग्रॅम गरात 'क' जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅमहून अधिक असते. संत्र्यात ते सुमारे ५० मिलिग्रॅम असते.

प्रसंग येथेच संपला असता. परंतु त्याच कुंपणात दहा पावलांवर दुसरे झुडूप होते : लोंबत्या मंजिऱ्यांत जांभळी फुले आणि द्राक्षांसारखे पिवळेधमक फळांचे घोस. ही ड्युरांटा इरेक्टा. मुंबईतील असंख्य सोसायट्यांच्या कुंपणांवर ती शोभेसाठी लावलेली असते. तिची फळे विषारी असून मळमळ, वांती, ज्वर, तंद्रा आणि तीव्र अवस्थेत आक्षेप अशी लक्षणे उत्पन्न करतात. मी तत्काळ रुग्णालयात दूरध्वनी केला. मुलाच्या खिशातून दोन पिवळी फळे निघाली. सुदैवाने ती त्याने खेळण्यासाठी ठेवली होती. रात्रभर निरीक्षण करून सकाळी त्याला घरी सोडण्यात आले. मी चिकित्सालयात बसूनच "लाल फळ निर्धोक" असे सांगितले असते, तर ते उत्तर खरे असूनही अपुरे ठरले असते.

शास्त्राची भूमिका

या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील; संहितांत त्यांचा उल्लेख संभवत नाही. तथापि सर्व द्रव्ये नामनिर्देशाने सांगणे अशक्य आहे, अनुक्त द्रव्याविषयी त्या त्या देशातील लोकांचे म्हणणे लक्षात घ्यावे, असे चरकाचार्यांनी अन्नपानविधी अध्यायात स्पष्ट केले आहे. वनस्पतींच्या परिचयासाठी गोपाल, तापस, व्याध यांना विचारावे, असे सुश्रुतही सांगतात. मात्र अज्ञात औषध हे विष, शस्त्र, अग्नी यांसारखे होय, ही चरकाची ताकीद त्याबरोबरच वाचली पाहिजे. आजींचे ज्ञान संगमेश्वराच्या कुंपणापुरते खरे होते. परळच्या कुंपणात परदेशी झुडपे आली आहेत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

औषधविक्रेत्यांसाठी

हाच नियम दुकानातील फळांनाही लागू आहे. विडंग घ्या. शास्त्रोक्त द्रव्य एम्बेलिया राइब्ज. बाजारात मात्र वावडिंग म्हणून बहुधा एम्बेलिया त्सेरियम-कोट्टम येते. पहिल्याच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे व टोकाला चोच असते, दुसऱ्यावर उभ्या रेषा असतात. अमोनियाने जांभळा रंग येणारी परीक्षा दोहोंत जुळते, कारण एम्बेलिन दोहोंत आहे. म्हणजेच केवळ रासायनिक परीक्षेवर विसंबणे पुरेसे नाही. भिंग हाताशी हवे.

वैद्यबंधूंना विनंती अशी : अनोळखी फळ घेऊन रुग्ण आला तर पानाफुलांसह फांदी मागवावी आणि आसपासची इतर झुडपे कोणती, तेही विचारावे. ओळख पटण्यापूर्वी घरी वमन करविण्याचा मोह टाळून रुग्णास रुग्णालयात पाठवावे. फांदीचा नमुना कागदात दाबून त्यावर दिनांक व स्थळ लिहावे.

असो. त्या सोसायटीने ड्युरांटा काढून टाकली आहे. चेरी तशीच ठेवली आहे. आजी आता तिला करवंद म्हणत नाहीत.