फाटलेला सूर आणि जवारी : गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलचे ध्वनिविवेचन

आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटण व बरड येथील मुक्काम आटोपून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुते येथे विसावते. अशा मुक्कामी कीर्तन रंगात आले असता ध्वनिवर्धकाची कळ वाजवीपेक्षा अधिक फिरवली गेली, तर कर्ण्यातून येणारा स्वर चिरकतो. श्रोते म्हणतात, ‘आवाज फाटला.’ उलट, भजनाच्या बैठकीत तंबोरा लागला असेल, तर त्याच्या तारेतून एक सूक्ष्म, सतत तेवणारा झणकार उठत असतो. त्यास जाणकार ‘जवारी’ म्हणतात, आणि ती नीट निघालेली नसेल तर तंबोरा बोलत नाही, अशी तक्रार करतात. या दोन घटनांत एक साम्य आहे. दोहोंतही मूळ स्वरात नसलेले किंवा क्षीण असलेले वरचे उपस्वर बळ धरून ऐकू येतात. तरीही भाषेने एकास दोषाचे नाव दिले व दुसऱ्यास गुणाचे. विद्युत्‌गिटार वाजविणारे ज्यास ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात, तो ध्वनी या दोन शब्दांच्या मधल्या प्रदेशात वसतो. तो कसा उत्पन्न होतो आणि पायाने दाबावयाच्या एका लहानशा डबीतून तो कितपत साधता येतो, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

गिटारच्या तारेचे कंपन चुंबक व वेटोळे यांच्या योगे विद्युत्‌लहरीत रूपांतरित होते. ही लहर अतिशय दुर्बळ असल्यामुळे ॲम्प्लिफायरमध्ये ती अनेक पटींनी वाढवावी लागते. परंतु कोणत्याही व्हॉल्व्हला किंवा ट्रान्झिस्टरला एका मर्यादेपलीकडे लहर वाढविता येत नाही. मर्यादा ओलांडली की लहरीचा माथा छाटला जातो. छाटलेल्या माथ्याची लहर ही मूळची साधी लहर राहत नाही. तीत मूळ आवर्तनसंख्येच्या पटीतील नव्या लहरी मिसळलेल्या असतात. गिटारच्या मोकळ्या ‘ए’ तारेची आवर्तने सेकंदास ११० असतात. तिची लहर छाटली की २२०, ३३०, ४४०, ५५० अशा आवर्तनांचे उपस्वर प्रबळ होतात. ११० हा षड्ज मानल्यास २२० हा वरच्या सप्तकातील षड्ज, ३३० हा त्याच सप्तकातील पंचम आणि ५५० हा त्याहून वरच्या सप्तकातील गांधार होय.

मात्र छाटणी कशी होते, यावर सर्व काही अवलंबून असते. लहरीचे वरचे व खालचे दोन्ही माथे सारखेच कापले गेले, तर केवळ विषम पटीतील उपस्वर निर्माण होतात. एका बाजूचा माथा अधिक व दुसऱ्या बाजूचा कमी कापला गेला, तर सम पटीतील उपस्वरही त्यांत येतात आणि सप्तकाचे नाते राखणारा भरणा स्वराला लाभतो. शिवाय माथा करवतीने कापल्याप्रमाणे एकदम सपाट झाला, तर फार वरचे उपस्वर उफाळून ध्वनी कर्कश होतो. माथा हळूहळू गोलावत गेला, तर तो ऊबदार वाटतो. व्हॉल्व्हची एकेक पायरी सामान्यतः असमान आणि क्रमशः वाढणारी छाटणी करते. व्हॉल्व्हच्या ध्वनीविषयी वादकांना जी ओढ वाटते, तिचे एक मुख्य कारण हे आहे.

हा ध्वनी प्रथम कोणी हेतुपुरस्सर शोधला नाही. तो बिघाडातून हाती आला. १९५१ मधील ‘रॉकेट ८८’ या अमेरिकी ध्वनिमुद्रिकेत गिटारचा फाटलेला सूर ऐकू येतो, आणि प्रवासात ॲम्प्लिफायरला इजा झाल्यामुळे तो तसा आला, अशी कथा सांगतात. पुढे बिघाडाची मुद्दाम योजना होऊ लागली. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल विक्रीस आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रज वादकवृंदाच्या एका गीतामुळे त्याचा ध्वनी जगभर पोहोचला. त्यात ट्रान्झिस्टरची कठोर छाटणी होती, व्हॉल्व्हची गोलाई नव्हती. ती गोलाई साधण्याचा प्रयत्न सत्तरीच्या दशकाअखेर जपानमध्ये झाला. १९७७ चे ‘बॉस ओडी-१’ आणि १९७९ च्या सुमाराचे ‘आयबानेझ ट्यूब स्क्रीमर’ ही त्याची ठळक उदाहरणे होत.

दरम्यान व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायरही बदलत होते. एकाच पायरीत लहर वाढविण्याऐवजी तीनचार पायऱ्या एकामागून एक जोडण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक पायरी लहर वाढविते, थोडी छाटते व पुढच्या पायरीकडे सोपविते. उच्च विवर्धनाचा ध्वनी तो हाच. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छाटणी अनेक पायऱ्यांत विभागलेली असते, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये खर्जाचा अंश गाळण्याची व्यवस्था असते. खर्ज गाळला नाही, तर जाड तारांचे बलवान कंपन पातळ तारांच्या कंपनास झाकून टाकते आणि सारा ध्वनी चिखलासारखा होतो. शेवटी १२ इंची ध्वनिक्षेपक असतो. तो सेकंदास सुमारे ५००० आवर्तनांच्या वरचे स्वर झपाट्याने क्षीण करतो व कर्कशपणा पुसून टाकतो.

तेव्हा पेडलच्या योगे हा ध्वनी उभा करावयाचा असेल, तर तीन गोष्टी साधाव्या लागतात : छाटणीपूर्वी खर्ज आवरणे, छाटणी क्रमाक्रमाने करणे आणि छाटणीनंतर अतितार उपस्वर गाळणे. ट्यूब स्क्रीमरची रचना पाहता पहिली व तिसरी गोष्ट तीत स्पष्ट आढळते. सेकंदास सुमारे ७२० आवर्तनांच्या खालील स्वरांना तीत उत्तरोत्तर कमी विवर्धन मिळते, आणि छाटणीनंतर वरचे स्वर सौम्य करणारी चाळणी असते. छाटणीचे काम सिलिकॉनचे डायोड करतात. विवर्धन कळ फिरवून सुमारे १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत नेता येते. दुसरी गोष्ट मात्र एका पेडलने पुरी होत नाही. म्हणून अनुभवी वादक दोन पेडले एकापुढे एक जोडतात आणि दोहोंचे विवर्धन बेताचे ठेवतात. किंवा एकच पेडल घेऊन त्याचे विवर्धन अल्प व पातळी अधिक ठेवतात आणि आधीच किंचित फाटू लागलेल्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला पुढून रेटा देतात. अशा वेळी पेडल व्हॉल्व्हची जागा घेत नाही. व्हॉल्व्हच्या पुढे ते आणखी एक पायरी बनते. नवशिका वादक एकाच पेडलचे विवर्धन टोकास नेतो आणि ध्वनी माशीच्या गुणगुणीसारखा झाला म्हणून पेडलला दोष देतो. वस्तुतः एका पायरीवर तीन पायऱ्यांचा भार टाकल्याचा तो परिणाम असतो.

या ध्वनीत वादक दोनच स्वर एकत्र का वाजवितात, याचेही उत्तर छाटणीतच आहे. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या आवर्तनसंख्यांच्या वजाबाकीचा व बेरजेचाही स्वर उत्पन्न होतो. ११० व १६५ ही षड्ज-पंचमाची जोडी घेतली, तर वजाबाकी ५५ येते. हा मंद्र सप्तकातील षड्जच होय. म्हणून ध्वनी भक्कम होतो. षड्ज-गांधाराची जोडी गिटारच्या पडद्यांवर ११० व सुमारे १३८.६ अशी येते. तिची वजाबाकी २८.६ कोणत्याही षड्जाशी जुळत नाही, म्हणून ध्वनी खडबडीत वाटतो. पंचम आणि षड्ज यांवर तंबोरा लावणाऱ्या समाजाला ही जोडी परकी वाटण्याचे कारण नाही.

तंबोऱ्याच्या जवारीची प्रक्रिया अर्थात वेगळी आहे. तेथे छाटणी विद्युत्‌लहरीची होत नाही. घोडीच्या रुंद, किंचित बाकदार पृष्ठावर तार कंप पावताना टेकते व सुटते, आणि त्यामुळे वरचे उपस्वर जागे होतात. ज्या बिंदूशी तार छेडली तेथे निस्पंद असणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत, हा युरोपीय वाद्यांवरून बांधलेला नियम तंबोऱ्यास व वीणेस लागू पडत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. मिरजेचा कारागीर घोडीचे पृष्ठ घासून जवारी काढतो. गवई तारेखाली दोरा सरकवून ती नेमक्या जागी आणतो. पेडलची कळ फिरविणारा वादक आपल्या साधनाशी याच जातीचा व्यवहार करीत असतो.

पेडल ही व्हॉल्व्हची नक्कल आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. वीजपुरवठा भारामुळे क्षणभर दबणे, शेवटच्या व्हॉल्व्हांनी व ट्रान्सफॉर्मरने ध्वनीस आपले वळण देणे, हे ९ व्होल्टच्या डबीत उतरत नाही. परंतु ५० किंवा १०० वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेस पोहोचेल इतक्या मोठ्याने वाजविणे नातेपुत्यासारख्या गावातील भिंतीस भिंत लागलेल्या घरात शक्य नाही. तेथे तरुण वादकासमोर व्हॉल्व्ह की पेडल असा प्रश्नच नसतो. पेडल की काहीच नाही, असा असतो. त्याने पेडलची पायरी ओळखून वापरली, तर हलक्या आवाजातही त्यास तो ध्वनी पुष्कळ अंशी लाभतो.

मराठीने एका बाजूस ‘फाटणे’ आणि दुसऱ्या बाजूस ‘जवारी’ असे दोन शब्द राखले, यात भेद उपस्वरांच्या असण्यानसण्याचा नाही. उपस्वर वादकाच्या ताब्यात आहेत की नाहीत, एवढाच तो आहे. गवयाच्या आवाजास आपण ‘जवारीदार’ म्हणतो तेव्हा हाच ताबा गृहीत धरतो. ओव्हरड्राइव्हला मराठीत नाव शोधावयाचे झाल्यास ते ‘फाटणे’ या धातूपासून न घडविता जवारीच्या शेजारी शोधावे, हे अधिक युक्त होईल.