सुईचं आणि हाताचं जमलं पाहिजे

मे महिन्यात बीड जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. अंबाजोगाईच्या आमच्या घरात नाट्यगीतांच्या एलपींची ट्रंक कितीतरी उन्हाळे अशाच माळ्यावर होती. खाली काढली तेव्हा तबकड्या पापडासारख्या काठाला उचललेल्या. जुन्या बाजारातून टर्नटेबल आणला, दुकानदाराने सुचवलेलं महागाचं कार्ट्रिज बसवलं, आणि सुई प्रत्येक फेऱ्याला उडी मारू लागली. दोष तबकडीचा, असं सगळे म्हणाले. ते निम्मंच खरं होतं.

कार्ट्रिजमध्ये सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते आणि ती दांडी रबरात रुतलेली असते. हे रबर म्हणजे ट्रकचे पाटेच. कारखान्यावर निघालेला उसाचा भरला ट्रक पाटे दाबून सावकाश डुलत जातो, रिकामा परतताना तोच खड्ड्याखड्ड्याला उडतो. पाटे किती मऊ आणि ओझं किती, यावर डुलण्याची गती ठरते. इथे ओझं म्हणजे कार्ट्रिज, त्याचे स्क्रू आणि टोनआर्मचं, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याचं प्रभावी वजन, म्हणजे सुईच्या टोकाला जाणवणारा आर्मचा जडपणा. तो तराजूवर मोजता येत नाही, माहितीपत्रकात पाहावा लागतो.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. वाकलेला काठ साधारण दोन सेकंदांत एकदा वर-खाली होतो, बारीक लाटा सेकंदाला पाच-सहा वेळा. संगीत सुरू होतं २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या आसपास. म्हणून डुलण्याची गती मधल्या मोकळ्या जागेत, ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान हवी. हिशेब सोपा आहे: एकूण वजनाच्या ग्रॅमना कार्ट्रिजच्या लवचीकपणाच्या, म्हणजे कॉम्प्लायन्सच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा.

माझा आर्म २० ग्रॅमचा, कार्ट्रिज ६, स्क्रू १, लवचीकपणा ३०. उत्तर ५.६. नेमका वाकलेल्या तबकडीच्या लाटांशी ताल जुळलेला! मग जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी १९६० च्या दशकात घडलेलं डेनॉनचं डीएल-१०३ लावलं. वजन ८.५ ग्रॅम, लवचीकपणा ५. पण जपानी कंपन्या हा आकडा १०० हर्ट्झला मोजून देतात, त्यामुळे तो दीडपट ते दुप्पट धरावा लागतो. ९ धरला, उत्तर ९.८ आलं. हे कार्ट्रिज मूव्हिंग कॉइल प्रकारचं, त्याला वेगळा फोनो स्टेज, म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवणारा अँप्लिफायर लागतो, तो खर्चही केला. आज दोन तबकड्या सोडल्या तर सगळ्या सलग वाजतात. माझ्या मते महाग कार्ट्रिजपेक्षा जुळलेलं कार्ट्रिज श्रेष्ठ.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट निराळी. त्यांची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची. ती ७८ च्या खाचेत तळाला जाऊन खरखरत राहते. तबकडीला तिची सुई हवीच: १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवरून गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, तेव्हा सोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली होती.

या दिवाळीत माळा साफ कराल तेव्हा रेकॉर्डची ट्रंक सापडली, तर ती पुन्हा वर चढवू नका. तबकड्या थंड खोलीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आणि कार्ट्रिज घ्यायला निघताना आपल्या आर्मचं प्रभावी वजन कागदावर लिहून न्या.