निरोगी दिसणाऱ्या मुलालाही जंतनाशक गोळी का?

नवी दिल्ली : दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास देशभरातील शाळा व अंगणवाड्यांमध्ये १ ते १९ वर्षे वयोगटातील मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. २०१५ मध्ये ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झालेला राष्ट्रीय जंतनाशक दिन आता शालेय वर्षाच्या वेळापत्रकाचा भाग झाला आहे. तरीही पालकांचा एक प्रश्न कायम असतो : मुलाला काहीच त्रास नाही, तपासणीही झालेली नाही, मग औषध कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर जंतांच्या जीवनक्रमात आहे. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालू शकते. ही अंडी विष्ठेवाटे मातीत मिसळतात, तेथे काही आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि न धुतलेले हात, भाज्या किंवा दूषित पाणी यांमार्फत दुसऱ्याच्या पोटात जातात. अंकुशकृमीची रीत वेगळी आहे. त्याच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून थेट शरीरात शिरतात आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त शोषतात. संसर्ग सौम्य असेल तर कोणतेही लक्षण दिसत नाही. मात्र त्या मुलाच्या विष्ठेतून अंडी परिसरात पसरतच राहतात. त्यामुळे केवळ आजारी दिसणाऱ्या मुलांना औषध देऊन ही साखळी तुटत नाही. प्रत्येकाच्या विष्ठेची तपासणी करायची, तर तिचा खर्च गोळीच्या किमतीहून कितीतरी अधिक होतो. म्हणूनच जेथे जंतांचे प्रमाण २० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथे वैयक्तिक तपासणीविना सामूहिक औषधोपचार करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

शाळेची निवडही विचारपूर्वक झाली आहे. गोलकृमींचा सर्वाधिक भार शालेय वयातील मुलांवर असतो. शिवाय गोळी चावून खाल्ली की नाही, हे शिक्षकांना डोळ्यांदेखत पाहता येते. म्हणूनच ती घरी नेण्यासाठी दिली जात नाही. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, तर एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी गोळी चुरून पाण्यातून दिली जाते.

या औषधामुळे जंतांना साखर शोषून घेता येत नाही आणि ते उपासमारीने मरतात. पोटात जंत अधिक असतील तर मळमळ, उलटी किंवा पोटदुखी होऊ शकते. अशा वेळी मुलाला सावलीत विश्रांती आणि पिण्यास पाणी देणे बहुधा पुरेसे ठरते. त्रास थांबला नाही तर मात्र आरोग्य केंद्र गाठावे. एका वर्गातील दोन-तीन मुलांना उलट्या झाल्या, की गोळी 'विषारी' असल्याची अफवा गावभर पसरते. पालकांना या संभाव्य त्रासाची कल्पना आदल्या दिवशीच दिली, तर निम्मी घबराट टळू शकेल.

गोळीकडून अवाजवी अपेक्षाही बाळगता येणार नाहीत. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख बालकांचा समावेश असलेल्या 'डेव्हटा' चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यूंमध्ये लक्षणीय घट किंवा वजनात ठळक वाढ त्यात आढळली नाही. कुपोषणाचे मूळ अपुऱ्या आहारात असेल, तर जंतनाशक त्याला पुरे पडत नाही. रक्तक्षयाचेही तसेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यांच्यासाठी शाळांतून दर आठवड्याला दिली जाणारी लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी वेगळी असून ती चुकवून चालत नाही.

अल्बेंडाझोल पोटातील जंत मारते, पण पुढचा संसर्ग रोखत नाही. माती दूषित राहिली तर काही महिन्यांत मूल पुन्हा बाधित होते. शाळेत वापरण्याजोगे शौचालय, मध्यान्ह भोजनापूर्वी हात धुण्यासाठी साबण आणि नळाला पाणी नसेल, तर दर सहा महिन्यांनी तेच जंत पुन्हा मारावे लागतात. घरच्या पातळीवर नखे कापणे, पायांत चप्पल आणि धुतलेल्या भाज्या इतके तरी पाळता येते.

त्या दिवशी ताप किंवा अन्य आजार असलेल्या मुलाला गोळी देऊ नये. दीर्घ आजारासाठी औषधे सुरू असल्यास पालकांनी शिक्षकांना आधी सांगावे. अशा व गैरहजर मुलांसाठी साधारण आठवडाभराने 'मॉप-अप दिन' ठेवलेला असतो.