कप्तान स्पिअर्स

जिमी स्पिअर्सबद्दल जे काही लिहिलं गेलंय, ते बहुतेक त्याच्या मरणापासून सुरू होतं. एफए कप जिंकणारा कप्तान पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलात पडला, शौर्यपदक मिळवून पडला. हे सगळं खरं आहे. पण हा माणूस एकतीस वर्षं जगला आणि त्यातली जेमतेम सव्वादोन वर्षं त्याने गणवेशात काढली. त्याआधी दहा वर्षं फुटबॉल हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि त्या धंद्यात तो पहिल्या दर्जाचा कारागीर होता. युद्धाने त्याचं आयुष्य घेतलंच. त्याच्या खेळाची आठवणही युद्धाच्याच खात्यावर जमा व्हावी, हे मला पटत नाही.

जेम्स हॅमिल्टन स्पिअर्सचा जन्म २२ मार्च १८८६चा, ग्लासगोमधला. क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या गोद्या, रेल्वे इंजिनांचे कारखाने आणि दगडी चाळींमध्ये दाटीवाटीने राहणारी कामकरी माणसं, असं ते शहर. शनिवारी दुपारी भोंगा झाला की ही माणसं मैदानाकडे वळत. स्पिअर्स घडला तो मेरीहिल या 'ज्युनियर' क्लबात. स्कॉटलंडमध्ये ज्युनियर म्हणजे पोरासोरांचा फुटबॉल नव्हे. ती मोठ्या माणसांची, मोठ्या लीगच्या खालची स्वतंत्र पायरी होती. खेळ रांगडा आणि प्रेक्षक जाणकार.

इथे स्कॉटिश खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यावाचून स्पिअर्स समजत नाही. १८७२ साली ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. इंग्लिश खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकट्याने मुसंडी मारत. अंगापिंडाने लहान असलेल्या स्कॉटिश खेळाडूंनी तो एकमेकांकडे देत पुढे नेला. सामना शून्य-शून्य सुटला, पण पासिंगचं महत्त्व इंग्लंडला कळून चुकलं. पुढे व्यावसायिक फुटबॉल सुरू झाल्यावर इंग्लिश क्लबांनी असे स्कॉटिश खेळाडू भराभर उचलले. लँकशायरच्या गिरण्यांच्या गावांत त्यांना 'स्कॉच प्रोफेसर' म्हणत.

स्पिअर्सची जागा इनसाइड फॉरवर्डची. तेव्हा संघात पाच आघाडीवीर असत. टोकाचे दोघे विंगर कडेने पळत, मधला सेंटर फॉरवर्ड गोलवर तुटून पडे. या तिघांच्या मधल्या जागेत खेळणाऱ्या दोघा इनसाइड फॉरवर्डना दुहेरी काम असे. मागे येऊन हाफबॅककडून चेंडू घ्यायचा, तो योग्य क्षणी योग्य माणसाला द्यायचा, आणि तरीही गोलसमोर वेळेवर हजर राहायचं. स्कॉटलंडचं पासिंग उभं होतं ते याच जागेवर.

१९०५ साली तो रेंजर्समध्ये गेला. काळ अवघड होता. १९०२च्या एप्रिलमध्ये रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लाकडी फळ्यांचा उंच सज्जा कोसळून २५ माणसं मेली होती, पाचशेहून अधिक जखमी झाली होती. त्या मैदानाचा आराखडा ग्लासगोच्याच आर्चिबाल्ड लीच या अभियंत्याचा. याच लीचने पुढे ब्रिटनमधली कितीतरी मैदानं बांधली, आणि स्पिअर्सच्या कारकिर्दीत त्याचं काम पुन्हा पुन्हा भेटतं. मैदानावरही रेंजर्सचे दिवस बरे नव्हते. १९०५ ते १९१० अशी सलग सहा वर्षं लीग सेल्टिकने जिंकली. स्पिअर्सने गोल केले, नाव कमावलं, पण हाती मोठा करंडक काही लागला नाही. मार्च १९०८मध्ये डंडीत वेल्सविरुद्ध तो देशाकडून खेळला. स्कॉटलंडने सामना २-१ जिंकला. त्याला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. त्या काळी राष्ट्रीय संघ वर्षाकाठी जेमतेम तीन सामने खेळे आणि एकेका जागेसाठी चांगले पाच-सहा जण रांगेत असत.

एक हंगाम क्लाइडकडून खेळून १९०९ साली तो सीमा ओलांडून ब्रॅडफर्डला गेला.

ब्रॅडफर्ड हे लोकरीचं गाव. मॅनिंगहॅमच्या प्रचंड गिरणीची चिमणी जिथून दिसे, त्याच टेकडीच्या उतारावर व्हॅली परेडचं मैदान होतं. गाव मुळात रग्बीचं. १९०३ साली मॅनिंगहॅमच्या रग्बी क्लबाने रग्बी सोडून फुटबॉल धरला आणि ब्रॅडफर्ड सिटी जन्माला आली. पाच वर्षांत संघ पहिल्या विभागात पोहोचला, आणि मैदान वाढवायला बोलावलं गेलं ते लीचलाच. व्यवस्थापक पीटर ओ'रूर्क स्वतः स्कॉटलंडचा. कुठल्या ज्युनियर क्लबात कोण चमकतोय याची त्याला खडान्‌खडा माहिती. त्याने एकेक करून स्कॉटिश खेळाडू आणले आणि स्पिअर्सला त्यांचा कप्तान केलं. १९१०-११च्या हंगामात हा संघ लीगमध्ये पाचवा आला. त्याहून वरची जागा क्लबला आजवर मिळालेली नाही.

त्याच हंगामात ते एफए कपच्या अंतिम फेरीत पोहोचले. समोर न्यूकॅसल युनायटेड: सहा वर्षांत तीनदा लीग जिंकलेला, आदल्याच वर्षी कप नेलेला संघ. २२ एप्रिल १९११ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर सुमारे ६९ हजार लोकांसमोर सामना झाला आणि गोलशून्य सुटला. फेरसामना चार दिवसांनी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ठरला. जेमतेम वर्षभरापूर्वी उघडलेलं ते मैदानही लीचचंच. ब्रॅडफर्डने एकच बदल केला: मधल्या फळीत विली गिल्डीच्या जागी बॉब टॉरन्स. दोघेही स्कॉटिशच, त्यामुळे अकरांत आठ स्कॉट हा हिशेब कायम राहिला. उरलेले दोघे इंग्लिश, एक आयरिश. इंग्लंडचा कप जिंकायला निघालेला हा संघ असा होता.

पंधराव्या मिनिटाला गोल झाला. तो देखणा नव्हता. गोलसमोर उंच आलेल्या चेंडूवर स्पिअर्सने डोकं लावलं. सेंटर फॉरवर्ड फ्रँक ओ'रूर्क गोलरक्षकावर धावून जात होता. गोलरक्षकाला धक्का देणं तेव्हा नियमात बसे, त्यामुळे न्यूकॅसलच्या जिमी लॉरन्सला एक डोळा त्याच्यावर ठेवणं भाग होतं. तेवढ्यात चेंडू हळूच रेषेपार गेला. इनसाइड फॉरवर्डचं वेळेवर हजर राहणं म्हणजे काय, ते या एका गोलात दिसतं. त्यानंतर सव्वा तास न्यूकॅसलने हल्ल्यांमागून हल्ले केले आणि ब्रॅडफर्डच्या बचावफळीने, विशेषतः टॉरन्सने, ते परतवले. निकाल १-०.

स्पिअर्सने उचलला तो कप कोरा करकरीत होता. आधीच्या कपाची नक्कल मँचेस्टरमध्ये झाली होती, म्हणून फुटबॉल असोसिएशनने तो वापरातून काढून लॉर्ड किनेर्डला भेट दिला आणि नव्या कपासाठी नमुने मागवले. निवड झाली ती फॅटोरिनी अँड सन्स या पेढीची, आणि ही पेढी ब्रॅडफर्डचीच. पन्नास गिनींचा तो चांदीचा कप पहिल्याच वर्षी आपल्या गावी परतला.

या कप्तानाला मिळत काय होतं? इंग्लंडमध्ये १९०१पासून खेळाडूच्या पगाराला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा होती. १९१०मध्ये जुन्या खेळाडूंसाठी ती पाच पौंडांपर्यंत नेली. कारखान्यातल्या कुशल कामगाराच्या तुलनेत ही कमाई चांगलीच, पण मैदानावर ६९ हजार लोक तिकीट काढून येत होते तेव्हाही ती तेवढीच. शिवाय करार संपला तरी क्लबच्या परवानगीविना खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. क्लबने त्याला विकलं तर रक्कम क्लबची. डिसेंबर १९१२मध्ये ब्रॅडफर्डने स्पिअर्सला शेजारच्या लीड्स सिटीला १,४०० पौंडांना विकलं. कप आणून देणाऱ्या कप्तानाची दीड वर्षात अशी पाठवणी व्हावी, हे वाचताना आजही राग येतो.

लीड्स दुसऱ्या विभागात होतं, पण तिथला व्यवस्थापक होता हर्बर्ट चॅपमन, पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलला मोठं करणारा. विखुरलेल्या संघाला एकत्र बांधणारा अनुभवी माणूस त्याला हवा होता. १९१३-१४मध्ये लीड्स सिटी चौथी आली. बढती थोडक्यात हुकली. स्पिअर्स गोल करत होता, तिशीकडे झुकल्यावरही.

ऑगस्ट १९१४मध्ये युद्ध पेटलं. लीगने हंगाम पुरा करायचं ठरवलं आणि टीकेचा भडिमार झाला. धडधाकट तरुण चेंडूमागे कसे पळतात, असं वर्तमानपत्रं विचारू लागली. एडिंबराच्या हार्ट्सचे खेळाडू नोव्हेंबरमध्येच सैन्यात दाखल झाले होते. एप्रिल १९१५मध्ये हंगाम संपला आणि लीग बंद पडली. १७ मे रोजी स्पिअर्सने ग्लासगोत जाऊन क्वीन्स ओन कॅमरन हायलँडर्समध्ये नाव नोंदवलं. त्याला बायको होती, दोन मुलं होती. सक्तीची भरती अजून आलेली नव्हती. जानेवारी १९१६मध्ये कायदा झाला तोही आधी अविवाहितांसाठी. तो गेला तो आपल्या मर्जीने.

१९१७च्या वसंतात अरासच्या लढाईनंतर त्याला मिलिटरी मेडल मिळालं, तो सार्जंट झाला. ३१ जुलैला यप्रची तिसरी लढाई सुरू झाली. सततच्या पावसाने आणि तोफगोळ्यांनी शेतं खड्ड्या-खड्ड्यांचा चिखल होऊन गेली. २० ऑगस्टला स्पिअर्स तिथे मारला गेला. त्याची कबर बेल्जियममधल्या डॉकी फार्म स्मशानभूमीत आहे. रणभूमीवर विखुरलेली दफनं युद्ध संपल्यावर एकत्र आणून ही स्मशानभूमी तयार झाली. तिथल्या सुमारे १,४४० जणांपैकी तब्बल ९५८ जणांची ओळख पटलेली नाही. स्पिअर्सच्या शिळेवर नाव आहे.

लीड्समधला त्याचा सहकारी एव्हलिन लिन्टॉट, शाळामास्तर आणि इंग्लंडचा खेळाडू, आधीच १ जुलै १९१६ला सोमच्या पहिल्या दिवशी पडला होता. फेरसामना वाचवणारा बॉब टॉरन्स १९१८मध्ये गेला. आणि लीड्स सिटी? युद्धकाळात खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप तिच्यावर झाला. हिशेबाच्या वह्या दाखवायला नकार दिल्यामुळे ऑक्टोबर १९१९मध्ये लीगने क्लबच बरखास्त केला आणि लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलात खेळाडूंचा लिलाव पुकारला गेला. स्पिअर्स जगता तर तेहतिसाव्या वर्षी कदाचित त्याच्यावरही बोली लागली असती.

व्हॅली परेडचा १९०८चा मुख्य स्टँड ११ मे १९८५ रोजी सामना चालू असताना पेटला आणि ५६ जण दगावले. क्लब पुन्हा त्याच जागी उभा राहिला. एफए कपच्या अंतिम फेरीत मात्र तो परत कधी गेलेला नाही, त्यामुळे त्या सामन्यात ब्रॅडफर्ड सिटीकडून झालेला एकमेव गोल अजून स्पिअर्सच्याच नावावर आहे. त्याचं विजेतेपदाचं पदक २००३मध्ये लिलावात निघालं तेव्हा बोली २६ हजार पौंडांवर गेली. हयातीत लीड्सने त्याच्यासाठी मोजले होते १,४००.